धान कापल्यावर उभं राहणारं नाट्यगृह

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या कलाकेंद्राचं महिन्याचं पत्रक चाळलं तर त्यात तीन गोष्टी हमखास सापडतात. चित्रांचं किंवा मांडणशिल्पाचं प्रदर्शन, कुणा जाणत्याचं भाषण आणि संगीताचा प्रयोग. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, प्रवेश विनामूल्य, आसनं मर्यादित. विदर्भातल्या ब्रह्मपुरीच्या आसपास या तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत, एकाच मांडवात होतात. फरक इतकाच की प्रवेशाला तिकीट लागतं आणि आसनांना मर्यादा नसते. त्या जागेला कुणी कलाकेंद्र म्हणत नाही. ‘आमच्या गावात नाटक आहे’ एवढंच सांगतात, आणि तेवढ्यावर पाव्हणे बॅग भरतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि तलावांचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. यातले दोन जिल्हे तसे कालचे. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून निघाला, गोंदिया 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून. (ब्रह्मपुरीकर आपल्या जिल्ह्याची वाट अजून पाहताहेत. तो विषय इथे काढला तर लेख संपायचा नाही.) ब्रह्मपुरी हे या भागातलं शाळा-कॉलेजांचं आणि दवाखान्यांचं गाव. नाटकांचा बाजार मात्र वैनगंगेच्या पलीकडे, वीसेक किलोमीटरवरच्या वडशाला भरतो. कागदोपत्री त्या गावाचं नाव देसाईगंज, रेल्वे स्टेशनवरची पाटी वडसा. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वडसा आणि ब्रह्मपुरी ही दोन्ही स्टेशनं येतात. चारही जिल्ह्यांतून इथे पोचायला सोपं पडतं, म्हणून नाट्यमंडळांनी इथे बस्तान बसवलं असावं. पन्नासेक मंडळं आहेत आणि बहुतेकांची कार्यालयं वडशातच आहेत.

या रंगभूमीचं वेळापत्रक धानाने ठरवलं आहे. झाडीपट्टीत पिकतो तो मुख्यतः भात. दिवाळीच्या सुमारास हलकं धान घरी येतं, मग भारी धानाची कापणी, मग मळणी. हाताला काम कमी, घरात थोडा पैसा आणि आकाश कोरडं, असं वर्षातून एकदाच घडतं. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. मंडईच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकीची बोलणी होतात, आणि रात्री नाटक असतं. हे होळीपर्यंत चालतं. मग ऊन तापतं, मोहफुलं आणि तेंदूपानं सुरू होतात आणि मांडव मोडले जातात. पावसाळ्यात मंडळं संहिता शोधतात, नट ठरवतात, जाहिरातीचे फलक रंगवून घेतात.

पैशाची व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे. शहरात निर्माता नाट्यगृह भाड्याने घेतो, तिकिटं विकतो आणि प्रेक्षक आले नाहीत तर स्वतः बुडतो. झाडीपट्टीत गावातलं मंडळ वडशाला येतं, कार्यालयं फिरतं, यंदा कोणाचं नाटक ‘चालतंय’ याची चौकशी करतं, भाव करतं आणि ठरलेल्या रकमेला पूर्ण प्रयोग विकत घेतं. त्याला ‘तारीख घेणं’ म्हणतात. कलाकार, पडदे, वादक, वेशभूषा हे सगळं निर्मात्याने आणायचं. जागा, मांडव, तिकीटविक्री, पोलिसांची परवानगी आणि जेवणखाण गावाने बघायचं. गल्ला गावाचा, तोटाही गावाचा. नफा झाला तर तो देवळाला, शाळेला किंवा मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला जातो. त्यामुळे तिकीट विकणारा माणूस कुठल्या कंपनीचा नोकर नसतो. तो शेजारच्या गल्लीतला पोरगा असतो, आणि तिकीट न घेता सुटणं म्हणजे उद्यापासून त्याच्या डोळ्यासमोरून जाणं कठीण. अनुदानाशिवाय एवढी मंडळं कशी जगतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. जोखीम एका माणसाच्या डोक्यावर नसते, शेकडो गावांत वाटली जाते.

नटाचा हिशेबही असाच रोखीचा. पगार महिन्याचा नाही, ‘नाईट’चा. आज या मंडळात, उद्या दुसऱ्यात. चांगल्या नटाच्या हंगामातल्या बहुतेक रात्री आधीच बांधलेल्या असतात. दिवसा गाडीत झोप, संध्याकाळी रंग, पहाटे पुन्हा गाडी. एकाच नटाला एका हंगामात अनेक नाटकांतल्या भूमिका सांभाळायच्या असल्याने तालमी कमी होतात आणि विंगेतला प्रॉम्प्टर हा सगळ्यांचा आधार असतो. सरावलेला प्रेक्षक प्रॉम्प्टरचा आवाजही ऐकत असतो आणि त्याबद्दल तक्रार करत नाही.

आता जागेबद्दल. धान निघालेली मोकळी बांधी किंवा गावाबाहेरचं मैदान. भोवती कापडाची किंवा ताट्यांची कनात, वर शामियाना, एका टोकाला रंगमंच. पुष्कळ गावांत प्रेक्षकांच्या बाजूची जमीन उतरती खोदतात, म्हणजे पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला दिसतं. ग्रीकांनी डोंगरउतार कोरून जे साधलं ते इथे फावड्याने, एका हंगामापुरतं साधलं जातं. पुढे खुर्च्या, मागे खाली बसायची जागा, घरून आणलेल्या चादरी आणि चटया. डिसेंबर-जानेवारीची थंडी जंगलाच्या कडेला चांगलीच लागते, म्हणून अर्धे प्रेक्षक कांबळीत गुंडाळलेले असतात. दिग्दर्शक पीटर ब्रुकने 1985 साली फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात दगडाच्या खाणीत ‘महाभारत’ केलं तेव्हा नऊ तास चालणाऱ्या त्या प्रयोगाचं जगभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण खाणीत किंवा शेतात रात्रभर बसून नाटक बघणं ही कल्पना या भागातल्या कुठल्याही आजीला नवी वाटली नसती.

नाटक रात्री दहाच्या पुढेमागे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. इतकं लांब का, असा प्रश्न शहरातून आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो. कारण साधं आहे. प्रेक्षक दहा-पंधरा गावांतून येतात. मध्यरात्री नाटक संपलं तर त्यांनी जायचं कुठे? पूर्वी बैलगाडी होती, आता दुचाकी आहे, पण रस्ता तोच, जंगलातून जाणारा. ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आहेत आणि माणसांवर हल्लेही होतात. तेव्हा पहाटेपर्यंत पुरेल एवढं नाटक लिहिणं ही इथल्या नाटककाराची तांत्रिक गरज आहे. उपकथानक, विनोदी जोडी, गाणी, नाच यांची भर त्या गरजेतून पडली आणि हळूहळू तिचंच व्याकरण झालं.

पत्रकातल्या तीन गोष्टींकडे परत येतो. प्रदर्शन सुरू होतं ते वडशाच्या रस्त्यावर. हंगामाच्या तोंडाशी तिथे मंडळांचे फलक एकमेकांना खेटून लागतात. रडणारी आई, बंदूक घेतलेला खलनायक, कपाळावरचं कुंकू, मधोमध नायिका, आणि कोपऱ्यात विनोदी नटाचा चेहरा मुद्दाम मोठा, कारण तारीख बऱ्याचदा त्याच्या नावावर विकली जाते. या फलकांकडे कलाप्रकार म्हणून कुणी नीट पाहिलेलं नाही. हाताने रंगवलेले फलक जाऊन आता फ्लेक्स आले आहेत, तरी मांडणीचे संकेत जुनेच आहेत. रंगमंचावरचे पडदे हे प्रदर्शनाचं दुसरं दालन. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी, दिवाणखाना. मराठी रंगभूमीवर रंगवलेल्या पडद्यांची परंपरा जुनी आणि मोठी आहे. मुंबई-पुण्यात वास्तववादी नेपथ्य आल्यावर ती मागे पडली, इथे ती टिकली. नवरगावचे सदानंद बोरकर हे नाटककार आणि दिग्दर्शक, तसेच चित्रकार. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचं ‘आत्महत्या’ हे त्यांचं नाटक गाजलं. एकाच माणसाच्या हातात कुंचला आणि संहिता असणं इथे कुणाला नवल वाटत नाही.

भाषणं तर टळतच नाहीत. पडदा उघडण्यापूर्वी उद्घाटन असतं. सरपंच, सभापती, आमदार, माजी आमदार, पुढे कधीतरी होऊ घातलेले आमदार असे सगळे रंगमंचावर खुर्च्या टाकून बसतात, नारळ फुटतो, सत्कार होतात आणि एकेकाचं बोलणं चालतं. निवडणुकीच्या वर्षी हा भाग इतका लांबतो की मागून शिट्ट्या येतात. मला मात्र यात एक गोष्ट बरी वाटते. धानाचा बोनस, रानडुकरांची नासाडी, वाघाने मारलेल्या जनावरांची भरपाई हे विषय ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्यासमोर, ते हजारोंच्या संख्येने बसलेले असताना, उघड्यावर बोलावे लागतात. शहरातल्या परिसंवादात वक्ते आणि श्रोते एकाच वर्तुळातले असतात आणि चहा झाल्यावर सगळे एकमेकांना भेटून घरी जातात.

संगीताबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण प्रयोग हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा कुठे ठरत असेल तर इथे. वादक रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या आणि नटांच्या मध्ये बसतात. ऑर्गन आणि तबला ही जुनी जोडी. ऑर्गन मराठी संगीत नाटकात रुळला तो विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाशी त्याचं नाव जोडलेलं आहे. संगीत नाटकाचा जमाना ओसरला तसा शहरांत तो अडगळीत किंवा संग्रहालयात गेला. झाडीपट्टीत मात्र त्याला रोजची भाकरी मिळत राहिली. त्याच्या शेजारी आता ऑक्टोपॅड असतो, म्हणजे काठीने वाजवायचा, आठ चौकटींचा विजेवरचा तालवाद्यसंच. नायिकेच्या पदाला ऑर्गनचा भरीव सूर, लगेच पुढच्या प्रवेशात खलनायकाच्या थपडेला ऑक्टोपॅडचा धडाम, विनोदी नट घसरून पडला की त्याला वेगळा टणत्कार, वीज कडाडली की तिसराच आवाज. हे सगळं तिथल्या तिथे वाजवलेलं, ध्वनिमुद्रित नाही. वादकाची नजर सतत नटावर असते आणि नटही वादकासाठी अर्धा क्षण थांबतो. संवाद लांबला तर ऑर्गनवाला खालून सूर धरून ठेवतो, नट विसरला तर एखादी सुरावट भरून देतो.

एका रात्रीत किती जातीचं संगीत येतं ते मोजू लागलं तर गोंधळ उडतो. नांदीच्या वळणाचं नमन, नाट्यगीताच्या घाटाचं पद, लावणी, झाडीबोलीतलं लोकगीत, सिनेमाच्या चालीवर बांधलेलं द्वंद्वगीत आणि मध्यंतरानंतरचा नाच. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा सगळा कालवा वाटेल. मला त्यात एक शिस्त दिसते. कुठलं संगीत रात्रीच्या कुठल्या वेळेला घ्यायचं हे ठरलेलं असतं. मध्यरात्रीनंतर डोळे जड होतात तेव्हा ताल वाढतो आणि विनोदी प्रवेश येतो. पहाटेच्या सुमारास करुण प्रसंग येतो, तेव्हा लोक जागे असतात आणि थकलेलेही, त्यामुळे रडू लवकर येतं. गाणं आवडलं की वन्स मोअर होतो आणि बक्षिसाच्या नोटा देणाऱ्याच्या नावासकट माइकवरून जाहीर होतात. ‘अमुक गावच्या अमुक पाटलांकडून’ असं ऐकलं की शेजारच्या गावचा पाटील खिशात हात घालतो.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या नाटकातून इथे आलं असं मानण्याची चूक सहज होते. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग 1880 साली पुण्यात झाला, पुढे संगीत नाटकांची हवा विदर्भातही आली आणि तिने इथल्या रंगमंचाला चौकट दिली, हे खरं. पण चौकटीच्या आधी इथे दंडार होती, खडी गंमत होती, डहाका होता. दंडारीत पुरुषच स्त्रियांच्या भूमिका करतात, गाण्यातून कथा पुढे जाते आणि रंगमंच म्हणून चौकातली मोकळी जागा पुरते. खडी गंमतीत शाहीर, नाच्या आणि त्यांचे साथीदार प्रेक्षकांच्या वेढ्यात उभे राहून गातात, साथीला ढोलकी, तुणतुणं, चोनका, मंजिऱ्या. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि या लोककला यांच्या अभ्यासात आयुष्य घातलं, म्हणून आपल्याला त्याबद्दल काही नेमकं बोलता तरी येतं. आजच्या नाटकातला उत्स्फूर्त विनोद, प्रेक्षकांना थेट उद्देशून बोलणं आणि गाण्याच्या जिवावर उभं राहणारं कथानक हे दंडारीकडून आलेलं देणं आहे. दंडार स्वतः मात्र आता फार थोड्या गावांत उरली आहे, तीही बऱ्याचदा मंडईच्या दुपारी, भज्यांच्या दुकानांच्या गर्दीत.

परशुराम खुणे हे नाव इथे घ्यायलाच हवं. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात राहणारे हे शेतकरी नट. विनोदी भूमिकांमुळे त्यांना लोक विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. त्यांच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका आहेत. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या पश्चिम भागातल्या अनेकांनी ‘झाडीपट्टी रंगभूमी’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले. त्याच्या आदल्या वर्षी, 2022 मध्ये, तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा या रंगभूमीवरचा चित्रपट आला होता, आणि तो थोड्याच पडद्यांवरून लवकर उतरला. ज्या भागात नाटकाला हजारो माणसं तिकीट काढून बसतात त्या भागावरच्या चित्रपटाला शहरांत प्रेक्षक मिळू नये, याचं आश्चर्य वाटायला नको. आपल्याकडे पूर्वेची बातमी पश्चिमेला पोचते ती नक्षल किंवा वाघ या दोनच कारणांनी.

या रंगभूमीला धक्केही बसले. पूर्वी पुष्कळ गावांत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक अशी जोडी असे. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि दिवसाचा कार्यक्रमच गेला. नाटक संपेल असं तेव्हा बोललं गेलं. तसं झालं नाही, गावांनी मंडईवर आणि नुसत्या नाटकावर गर्दी जमवली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि पट पुन्हा भरू लागले. कोरोनाचा घाव त्याहून खोल होता. नाईटवर जगणाऱ्या माणसाची नाईटच नाहीशी झाली तेव्हा अनेकांनी शेतमजुरी केली, भाजी विकली.

असे धक्के सोसून ही रंगभूमी उभी आहे, म्हणून न टिकलेल्या मुंबईच्या दोन जागांची आठवण इथे अस्थानी होणार नाही. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई संस्थेत पन्नास-साठच्या दशकांत गायतोंडे आणि हुसेन चित्रं काढत होते, अल्काझींचं थिएटर युनिट तालमी करत होतं, विजया मेहतांच्या ‘रंगायन’चे प्रयोग होत होते, आणि 1962 मध्ये रविशंकरांची किन्नर संगीतशाळा तिथेच सुरू झाली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ने समांतर नाटकांचं घर थाटलं. मराठी नाटकाचा इतिहास या दोन पत्त्यांशिवाय लिहिता येत नाही. भुलाभाईंच्या जागी पुढे उंच इमारत आली, छबिलदासमधून नाटकवाल्यांना बाहेर पडावं लागलं. दोन्ही ठिकाणी जागा दुसऱ्याची होती आणि प्रेक्षक मूठभर. त्या नाटकांची पुस्तकं झाली, परीक्षणं आली, छायाचित्रं जपली गेली, म्हणून ती अभ्यासक्रमात आहेत. झाडीपट्टीत प्रेक्षक अफाट आहेत आणि कागद जवळजवळ नाही. हंगाम संपला की संहितेच्या प्रती प्रॉम्प्टरच्या पेटीत राहतात, वाळवी लागते, विषय संपतो. ऑर्गनवादकांच्या दोन-तीन पिढ्यांनी बांधलेल्या चाली कुणी पद्धतशीर ध्वनिमुद्रित केल्या असत्या तर त्यावर एखाद्या विद्यापीठाचा विभाग वर्षानुवर्षं चालला असता.

टीका होते ती वेगळ्याच मुद्द्यावर. नाच वाढले, संवाद चावट झाले, नाटकं भडक झाली, असं जुने रसिक आणि काही कलावंतही सांगतात. त्यात तथ्य आहे. गावाने पैसे लावलेले असले की गाव गर्दी मागतं आणि गर्दी खेचायचा सोपा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. मुंबई-पुण्याच्या मालिकांमधले चेहरे बोलावण्याचा उपायही झाला, त्याने नाटकाचा भाव वाढला, स्थानिक नटाच्या वाट्याला मात्र त्यातलं फारसं आलं नाही. पण माझ्या मते नाचापेक्षा तालमींचा अभाव हे मोठं दुखणं आहे. विषय चांगले निवडले जातात, दारू, हुंडा, जमिनीची भांडणं, अंधश्रद्धा, शेतकऱ्याची कोंडी. दुसऱ्या अंकापर्यंत नाटक पकडही घेतं. मग नीट न बसलेला प्रवेश येतो, दोन नट एकमेकांची वाक्यं तुडवतात आणि सावरायला नाच आणावा लागतो. पावसाळ्यात महिनाभर तालमीसाठी नटांना मानधन मिळालं तर यातलं बरंच सुधारेल. सरकारला मदत करायचीच असेल तर सभागृहं बांधण्यापेक्षा तिथे करावी. वर्षातले आठ महिने कुलूपबंद राहणारी सांस्कृतिक भवनं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

ज्यांना हे बघायचं आहे त्यांनी भाऊबीजेनंतर थोडं थांबावं. सुरुवातीची नाटकं कच्ची असतात, जानेवारीपर्यंत ती मुरतात. ब्रह्मपुरीला उतरावं, वडशाला जाऊन दोन-चार कार्यालयांत चौकशी करावी, आज कोणाची तारीख कुठे आहे ते तिथे लगेच कळतं. तिकीट खाली बसायचं काढा, खुर्चीवर थंडी जास्त लागते. घोंगडी न्या. उद्घाटनाची भाषणं चुकवू नका. आणि नाटक आवडो न आवडो, मधूनच उठून निघू नका, रस्ता जंगलाचा आहे, उजाडल्यावरच परत फिरा.